पेटीवरचा क्यूआर, पत्त्यातला कोलन आणि ४०४

तुर्भेवाली · शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, मदत हवी आहे. प्रश्न वेब फ्रेमवर्कचा आहे, पण सुरुवात आंब्यापासून करावी लागेल.

मामाचा वाशीच्या फळबाजारात गाळा आहे. २०१२ साली मावसभावाने त्याला एक लहानसं संकेतस्थळ करून दिलं. आज कुठल्या गावचा माल आला, कुठली जात, किती डझनाची पेटी, काय भाव. बस, एवढंच. केकपीएचपी २ मध्ये केलेलं, म्हणजे पीएचपीतल्या एका फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळाचा तयार सांगाडा). भाऊ आता परदेशी. फोन केला की "अगं, ते मी दोन रात्रीत केलं होतं" एवढंच म्हणतो, जसं काही त्यातच सगळं आलं.

आता होस्टवाल्याने कळवलंय की पीएचपी ७.४ बंद, ८ वर या. म्हणजे केक २ गेला. नव्या केकवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दिवसा मी महाप्याला नोकरी करते, रात्री मामाचे आंबे.

जुने पत्ते असे आहेत (प्रत्यक्षात रोमन-देवनागरी खिचडी आहे, इथे सगळं देवनागरीत करून लिहितेय):

/भाव/यादी/जात:हापूस/गाव:देवगड/पान:२

नाव, कोलन, किंमत. मला हे वाचायला फार आवडायचं. पण नव्या केकमध्ये हा पत्ता टाकला तर "जात:हापूस" ही अख्खी एकच किंमत म्हणून हातात येते, नावाचा पत्ताच नाही. दस्तऐवजात शोधलं तर म्हणे ही सोय काढून टाकली.

तर माझे प्रश्न. का काढली? आता काय वापरायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मामाने पेट्यांवर चिकटवायला क्यूआरचे स्टिकर छापून घेतलेत. हजारोंनी आहेत, पुढच्या मोसमाला पुरतील इतके. त्यात जुना पत्ता आहे. तो मेला तर मामा मला आंबा देणार नाही.

---

घोडबंदरकर · शनिवार, रात्री १०:०४

क्वेरी स्ट्रिंग. प्रश्नचिन्ह टाका, पुढे नाव=किंमत, मध्ये &. विषय संपला.

---

एक_नंबर_फलाट · शनिवार, रात्री १०:१९

वरच्या उत्तराला +१, आणि देवगडची पेटी काय भाव हेही सांगा. (हलके घ्या.)

---

राऊटमास्तर · शनिवार, रात्री ११:३२

घोडबंदरकर, उत्तर बरोबर आहे पण विषय संपला नाही. पोरीने तीन प्रश्न विचारलेत, तुम्ही अर्ध्याचं उत्तर दिलंत.

तुर्भेवाली, आधी एक गोंधळ सोडवू. "नावाचा पॅरामीटर" या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि नेटवर शोधताना निम्मा वेळ तिथेच जातो.

पहिली गोष्ट: नाव पत्त्यातच लिहिलेलं असतं. तुझ्या भावाचा "जात:हापूस" हा तो प्रकार. पत्ता वाचणाऱ्याला नाव दिसतं, क्रम बदलला तरी चालतं, एखादं गाळलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट: नाव फक्त कोडमध्ये असतं. राऊट (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जायचा तो नियम) लिहिताना आपण म्हणतो की /भाव/ च्या पुढचा तुकडा म्हणजे "जात" आणि त्याच्या पुढचा "गाव". पत्ता मात्र दिसतो /भाव/हापूस/देवगड एवढाच. रेल्सवाले आणि एक्सप्रेसवाले राऊटमध्ये नावाआधी कोलन लिहितात, लारावेलवाले महिरपी कंसात घालतात, जँगोत २०१७ च्या २.० आवृत्तीपासून टोकदार कंसात "प्रकार:नाव" असं लिहितात. त्याआधी जँगोत यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहावी लागायची, ती वाचून माणूस म्हातारा व्हायचा.

आता गंमत बघ. कोलन इथेही आहे आणि तिथेही. पण रेल्समधला कोलन राऊटच्या नमुन्यात असतो, पत्त्यात कधीच उतरत नाही. माझ्या हाताखालच्या एका नव्या मुलाने ब्राउझरमध्ये खरोखर /भाव/:५ असं टाइप करून "चालत नाहीये सर" म्हणून दुपार घालवली होती. हसू नका, तुम्हीही केलं असेल.

वाशीच्या भाषेत सांगतो. फळबाजारात हत्ता पद्धत ऐकली असशील. रुमालाखाली बोटं दाबायची, भाव ठरतो, आणि तो फक्त त्या दोघांना कळतो. नुसत्या क्रमाने जाणारे पॅरामीटर म्हणजे तो रुमाल. पहिलं बोट काय, दुसरं काय, हे देणारा-घेणारा जाणतो, तिसऱ्याला पत्ता नाही. राऊटमध्ये नाव देणं म्हणजे गाळ्यावरच्या दिवाणजीने वहीत ते नीट मांडणं. आणि पत्त्यात नाव लिहिणं म्हणजे पेटीवरच चिठ्ठी लावणं.

मग का काढली? केक ३.० आला मार्च २०१५ मध्ये, तेव्हा ही कोलनवाली पद्धत काढली. कारण साधं आहे. पेटीवर चिठ्ठी लावायची जगन्मान्य रीत आधीपासून होती, तिचं नाव क्वेरी स्ट्रिंग. ती ब्राउझरला कळते, सर्व्हरला कळते, पीएचपीला स्वतःला कळते, मधल्या प्रत्येक यंत्राला कळते. कोलनची चिठ्ठी फक्त केकला वाचता यायची. एका फ्रेमवर्कची बोलीभाषा, आणि ती सांभाळायला राऊटरमध्ये ढीगभर कोड.

तुझ्या कामाचं: केक २ मध्येच पानं उलटण्याच्या घटकाला "कोलन नको, क्वेरी स्ट्रिंग वापर" असं सांगायची सोय होती. भावाने ती तेव्हाच वापरली असती तर आज हा धागा नसता. असो. दोन रात्रीत केलं होतं ना.

---

तुर्भेवाली · रविवार, सकाळी ८:१५

मास्तरकाका, रुमाल एकदम पटला. मामाला वाचून दाखवलं, तो म्हणाला "पण रुमालाखाली चूक होत नाही". वाद घातला नाही.

पण मग मी /भाव/हापूस/देवगड असं सुटसुटीत का करू नये? दिसायला किती छान.

---

एक_नंबर_फलाट · रविवार, सकाळी ९:०२

छान दिसतं, तोवर ठीक. मग एखाद्याला जात नको, फक्त गाव हवंय. तेव्हा काय लिहिणार? /भाव//देवगड? की /भाव/सर्व/देवगड? उद्या डझन आलं, परवा प्रत आली. मग /भाव/सर्व/सर्व/सर्व/२.

ठाण्याच्या फलाटावर इंडिकेटर बघा. आधी गावाचं अक्षर, मग धीमी की जलद, मग डबे किती. तीनच गोष्टी, तिन्ही कायम असतात, क्रम कधी बदलत नाही. म्हणून वरती नावं लिहायची गरज नाही. रोज जाणाऱ्याला एका नजरेत कळतं, नागपूरहून आलेला पाहुणा मात्र आ वासून बघत राहतो. तुमच्या गाळण्या तशा नाहीत. कधी एक, कधी चार.

---

राऊटमास्तर · रविवार, सकाळी ९:४०

फलाटवाल्यांशी सहमत. माझा नियम असा: ज्याच्याशिवाय त्या पानाला अर्थच नाही ते स्लॅशच्या मध्ये. एका पेटीचं पान, एका गाळ्याचं पान, एका दिवसाचे भाव. आणि जे यादी गाळतं, लावतं, उलटतं ते प्रश्नचिन्हानंतर. जात, गाव, क्रम, पान.

म्हणजे तुझं होईल: /भाव/यादी?जात=हापूस&गाव=देवगड&पान=२

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. एचटीएमएलचा साधा फॉर्म, गेट पद्धतीचा, स्वतःहून हेच तयार करतो. ड्रॉपडाऊनला नाव दे, बटण दाब, पत्ता तयार. एक ओळ जावास्क्रिप्ट नको. कोलनवाला पत्ता कुठलाही ब्राउझर फॉर्ममधून बनवू शकत नाही. तेव्हा आम्ही काय करायचो? फॉर्म पोस्ट करायचा, सर्व्हरवर किमती घ्यायच्या, कोलनचा पत्ता शिवायचा, आणि ब्राउझरला तिकडे पिटाळायचं. त्यासाठी वेगळं प्लगइन वापरायचो. हात फिरवून नाक धरणं म्हणतात ते हेच.

---

दिवा_लोकल · रविवार, दुपारी १२:२६

कोलनची अजून एक खोड, जी मला प्रत्यक्ष चावली आहे.

समजा पानावर तुम्ही लिंक अशी दिली: नुसतं "पान:२", पुढे-मागे काही नाही. तुम्हाला वाटतं ब्राउझर ती चालू पत्त्याला जोडेल. नाही जोडत. कोलनच्या आधीचा शब्द म्हणजे प्रोटोकॉल, असं तो समजतो. जसं "एचटीटीपी:" किंवा "मेलटू:", तसं "पान:" नावाचं काहीतरी. खऱ्या कोडमध्ये नाव रोमन असल्यामुळे तो शब्द प्रोटोकॉल म्हणून अगदी वैध ठरतो. हा ब्राउझरचा दोष नाही. पत्त्यांचं व्याकरण सांगणारं आरएफसी ३९८६ (२००५ सालचं) स्पष्ट म्हणतं की सापेक्ष पत्त्याच्या पहिल्या तुकड्यात कोलन चालणार नाही. द्यायचाच तर आधी टिंब-स्लॅश लावा.

माझ्याकडे टेस्टिंगला सगळं चालत होतं, कारण फ्रेमवर्क पूर्ण पत्ता बनवत होतं. एका टेम्प्लेटमध्ये मी हाताने लिंक लिहिली आणि तेवढंच बटण मेलं. रबाळ्यापासून दिव्यापर्यंतचा पूर्ण प्रवास त्याच विचारात गेला.

---

घोडबंदरकर · रविवार, दुपारी १:१०

मी पहिल्या पोस्टमध्ये दोन ओळींत सांगितलं होतं 😊

---

जुनी_वही · रविवार, दुपारी ३:४८

कोलनवर एवढं तुटून पडू नका. पत्त्याच्या पोटात नावं घालायची कल्पना केकवाल्यांची नाही. खुद्द टिम बर्नर्स-ली यांनी १९९६ मध्ये "मॅट्रिक्स" पत्त्यांबद्दल लिहून ठेवलंय. तिथे कोलनऐवजी अर्धविराम होता, ;नाव=किंमत असा. त्यांचं म्हणणं असं की नकाशासारख्या गोष्टीत ही नावं श्रेणीत मांडलेली नसतात, ती आडवी असतात, तर मग स्लॅशने ती उतरंड का दाखवायची? विचार सुंदर आहे. जावाच्या जगात तो अजून जिवंत आहे, स्प्रिंगमध्ये ३.२ पासून त्यासाठी वेगळी सोय आहे.

पण ब्राउझरांनी ती उचलली नाही. सुंदर विचार आणि रिकामा डबा, दोन्ही गर्दीच्या वेळी सापडत नाहीत.

---

तुर्भेवाली · रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आज दिवसभर बसले होते, प्रगती सांगते.

चांगली बातमी आधी. टेम्प्लेटमधले लिंकचे कोड जवळजवळ तसेच राहिले. भावाने सगळीकडे अ‍ॅरे देऊन लिंका बनवल्या होत्या: कंट्रोलर हा, अ‍ॅक्शन ही, जात ही, गाव हे. जुना केक राऊटमध्ये न बसणारी नावं कोलनने जोडायचा, नवा केक तीच नावं आपोआप प्रश्नचिन्हामागे लावतो. म्हणजे लिहिलेलं तेच, बाहेर पडणारा पत्ता वेगळा. ज्या तीन ठिकाणी त्याने हाताने पत्ता जोडला होता ती तीनच फुटली. दोन रात्रीतल्या दुसऱ्या रात्रीची असावीत.

वाचायच्या बाजूला मात्र प्रत्येक ठिकाणी हात लावावा लागला. आधी विनंतीच्या "नेम्ड" खणातून किंमत काढायचो, आता क्वेरीतून.

आता वाईट. डझनाच्या खणात "४/५ डझन" अशी किंमत आहे. जुन्या साइटवर ती निवडली की ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही". भावाने तेव्हा काही नोंदींत "४-५" करून टाकलंय, काहींत तसंच ठेवलंय. हे ४०४ का यायचं? स्लॅश तर नीट टक्क्याच्या खुणेत (%2F) बदलून जात होता, मी तपासलं.

---

दिवा_लोकल · रविवार, रात्री १०:४४

कारण ती विनंती तुमच्या पीएचपीपर्यंत पोचतच नव्हती. अपाची, म्हणजे तुमचा वेब सर्व्हर, दारातच परत पाठवतो. पत्त्याच्या मार्गात टक्क्याच्या खुणेतला स्लॅश दिसला की तो मूळ सेटिंगप्रमाणे थेट ४०४ देतो. हे बदलता येतं, पण सर्व्हरच्या किंवा व्हर्च्युअल होस्टच्या मुख्य फाइलमध्ये. फोल्डरातल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधून नाही. भाड्याच्या सामायिक होस्टवर तिथे तुम्हाला कोण हात लावू देणार.

प्रश्नचिन्हानंतर ही भानगडच नाही. तिथे स्लॅश हा किमतीचा भाग म्हणून उघडउघड चालतो.

तसंच अधिकचं चिन्ह. मार्गात + म्हणजे अधिकच. प्रश्नचिन्हानंतर पीएचपी त्याची मोकळी जागा करतं. दोन्हीकडून एकच किंमत पाठवून बघा एकदा.

---

राऊटमास्तर · रविवार, रात्री ११:१५

आणि ४/५ साठी जुने पत्ते वाचवायच्या फंदात पडू नकोस. जे कधी चाललंच नाही त्याची लिंक कोणाकडे असणार नाही. डेटाबेसात मात्र एकच रूप कर.

स्टिकरांबद्दल. केक ३ ने काढताना दया दाखवली होती. राऊटरमध्ये जुने कोलनवाले पत्ते उलगडणारी एक मदतनीस पद्धत ठेवली होती. ३.३ पासून तिच्यावर "वापरू नका"ची पाटी लागली आणि ४ मध्ये ती गेली. तू थेट पुढच्या आवृत्तीवर जातेयस, तेव्हा स्वतःच लिही. दहा-बारा ओळींचं काम आहे.

राऊटला शेवटी चांदणी (*) दे, म्हणजे /भाव/यादी/ च्या पुढचं सगळं एका झोळीत येईल. प्रत्येक तुकडा घे. कोलन असेल तर तोड, डावीकडचं नाव, उजवीकडची किंमत. नाव आपल्या ओळखीच्या यादीत असेल तरच ठेव, बाकी टाकून दे. मग क्वेरीचा पत्ता बनव आणि तिकडे पाठव.

दोन ठिकाणी सांभाळ. तोडताना फक्त पहिल्या कोलनवर तोड, तुकडे दोनच. नाहीतर कोणी वेळ:०५:३० दिली असेल तर तीस मिनिटं हवेत. दुसरं, सुरुवातीला ३०२ ने ("तात्पुरतं हललं") पाठव, सगळं नीट चालतंय दिसलं की मग ३०१ कर. ३०१ म्हणजे "कायमचं हललं". ब्राउझर ते मनात धरून ठेवतो, पुन्हा विचारायलाही येत नाही. त्यात तुझी चूक राहिली तर ती लोकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसते, आणि तिथून ती काढायला तू घरोघर फिरणार का?

---

मानपाडा_५०२ · सोमवार, सकाळी ७:३५

मध्येच येतो, पण "ओळखीच्या यादीत असेल तरच" या वाक्याखाली लाल रेघ मारा.

आमच्या सोसायटीला कोणीतरी देखभालीच्या पावत्यांचं अ‍ॅप करून दिलं होतं. पत्ता /पावती/दाखव/फ्लॅट:५०२. मी सहज ५०३ केलं. शेजाऱ्यांची थकबाकी, मोबाईल नंबर, सगळं समोर. लॉगिन होतं हो, पण लॉगिन केलेला माणूस कोण आणि मागतोय कोणाचं, हे कोणी ताडूनच बघत नव्हतं. कोलनऐवजी प्रश्नचिन्ह असतं तरी हेच झालं असतं. पत्त्यातून आलेलं काहीही म्हणजे अनोळखी माणसाने हातात दिलेली चिठ्ठी. वाचा, पण विश्वास ठेवू नका.

आणि मोबाईल नंबर, टोकन असलं काही पत्त्यात घालूच नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये पडतं, ब्राउझरच्या इतिहासात पडतं, लिंक फॉरवर्ड झाली की सगळ्या गटात पडतं. पूर्वी तर तुमच्या पानावरून दुसऱ्या साइटवर गेलं की मागचा पूर्ण पत्ता त्यांना जायचा. क्रोमने २०२० मध्ये ८५ व्या आवृत्तीपासून दुसऱ्या साइटला फक्त मूळ नावच द्यायला सुरुवात केली.

शेजाऱ्यांना मी सांगितलं नाही. त्यांची थकबाकी होती, लाजले असते.

---

तुर्भेवाली · सोमवार, रात्री ११:०५

झोळी लिहिली. स्टिकर चालतायत! मामाच्या गाळ्यावर उभं राहून तीन वेगवेगळ्या मोबाईलवर बघितलं.

पण एक भूत आहे. "दुसऱ्या" प्रतीचा माल निवडला की निम्म्या नोंदी येतात, निम्म्या नाहीत. डेटाबेसात शब्द डोळ्यांना अगदी एक दिसतो. मोकळी जागा नाही, काही नाही. हे पत्त्यांमुळे आहे का दुसरंच काही?

---

जुनी_वही · सोमवार, रात्री ११:३१

नोंदी एकाच माणसाने भरल्यात का?

---

तुर्भेवाली · सोमवार, रात्री ११:३६

नाही. दिवाणजी संगणकावरून भरतात, मामेभाऊ मोबाईलवरून.

---

जुनी_वही · सोमवार, रात्री ११:५८

मग सापडलं समजा. लॉगमध्ये दोन्ही प्रकारच्या पत्त्यांत त्या शब्दाची लांबी मोजा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्यासकट तीन अक्षरांचा. म्हणजे एका चिन्हाला नऊ. "हापूस" म्हणजे काना आणि उकार धरून पाच चिन्हं, पत्त्यात पंचेचाळीस. "रत्नागिरी" एक्याऐंशी. (व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची लिंक अर्धा पडदा का खाते ते यावरून कळेल.)

"दुसऱ्या" दोन प्रकारे लिहिता येतो. एकात अर्ध्या र साठी स्वतंत्र "ऱ" आहे, तेव्हा सात चिन्हं, त्रेसष्ट अक्षरं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. आठ चिन्हं, बहात्तर अक्षरं. हे बघा: दुसऱ्या, दुसर्‍या. फरक सांगा डोळ्यांनी.

---

तुर्भेवाली · मंगळवार, रात्री १२:२०

त्रेसष्ट आणि बहात्तर!!! तंतोतंत. अहो तुम्ही देव आहात.

युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करून टाकलं की होईल ना? पीएचपीत त्याची सोय दिसतेय.

---

जुनी_वही · मंगळवार, सकाळी ६:५०

पूर्ण नाही होणार. बहात्तरला अजून एक वाट आहे: साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तेही आठच भरतात. सामान्यीकरण हा नुक्तावाला प्रकार "ऱ" मध्ये मिळवून टाकतं. झेडडब्ल्यूजेला मात्र ते हात लावत नाही, कारण काही ठिकाणी तो जोडक खरोखर अर्थाचा असतो. तेव्हा तो बदल तुम्हालाच हाताने करावा लागेल: र, हलन्त, जोडक दिसलं की तिथे ऱ, हलन्त. नोंद साठवतानाही आणि पत्त्यातून किंमत घेतानाही.

---

राऊटमास्तर · मंगळवार, सकाळी ८:०५

जुनी_वही, वाचनखूण साठवली. तीस वर्षं या धंद्यात आहे, हे माहीत नव्हतं.

तुर्भेवाली, तरी मी म्हणेन की पत्त्यात "दुसऱ्या" पाठवूच नकोस. प्रत=२ पाठव. लोकांना दाखवायचं नाव वेगळं, यंत्राला द्यायची खूण वेगळी. गावांनाही रोमनात छोटी खूण दे. उद्या मामाने "दुसऱ्या"चं "मध्यम" केलं तरी छापलेला स्टिकर चालला पाहिजे. आणि पत्ता आखूड झाला की क्यूआरचे चौकोनही मोठे होतील, पुठ्ठ्याच्या खडबडीत पेटीवर पटकन वाचले जातील.

---

घोडबंदरकर · मंगळवार, सकाळी ९:३०

मला एक शंका आहे, खरंच विचारतोय. ?जात=हापूस&गाव=देवगड आणि ?गाव=देवगड&जात=हापूस ही दोन वेगळी पानं धरली जातील का? गूगलला, कॅशला?

---

दिवा_लोकल · मंगळवार, सकाळी ९:४८

हो, वेगळी. कोलनमध्येही हीच अडचण होती, प्रश्नचिन्हाने ती सुटत नाही. पत्ता बनवताना नावं नेहमी एकाच क्रमाने लावा, आणि पानाच्या डोक्यात कॅनॉनिकल लिंक (यातला मुख्य पत्ता कुठला ते सांगणारी) द्या. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये मिळून आणली ती यासाठीच.

(पहिल्या पोस्टमध्ये "विषय संपला" म्हणाला होतात 😊)

---

तुर्भेवाली · शुक्रवार, रात्री १०:४०

शेवटचा अहवाल. नवी साइट बुधवारी चढवली. प्रत, गाव, जात सगळ्यांना खुणा दिल्या. जुन्या कोलनवाल्या पत्त्यात "हापूस" आला तर झोळीच त्याची खूण करते आणि पुढे पाठवते. क्रम ठरवला, कॅनॉनिकल टाकली. ३०२ अजून तशीच आहे, काकांनी सांगितल्याप्रमाणे.

लॉग बघत बसले होते. स्टिकरवरून येणारे थोडेच आहेत, मोसम नाही म्हणून असेल. पण रोज पहाटे पाच-सव्वापाचला एकच जुना पत्ता येतो, /भाव/यादी/जात:हापूस/पान:१, एकाच मोबाईलवरून. तीन दिवस न चुकता. मला वाटलं कोणीतरी मोठा व्यापारी आमच्यावर पाळत ठेवून आहे.

आज मामाला विचारलं. त्याने २०१२ पासून तीच खूण मोबाईलवर ठेवलीय, मोबाईल बदलला की भाचा नव्यात टाकून देतो. बाजारात निघताना आपलेच भाव बघतो.

---

राऊटमास्तर · शुक्रवार, रात्री ११:०२

आता ३०१ कर. मामा लॉगमधून गायब होईल.